ट्रॅक्टर-ट्रॉलीची रस्त्यावरील सुरक्षितता : जोड, साखळी आणि ब्रेक

पुणे जिल्ह्यातील खेड, मावळ, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांतील शेतमाल बाजारात किंवा कारखान्यावर नेण्याचे प्रमुख साधन म्हणजे ट्रॅक्टर व त्यामागील ट्रॉली. चाकण येथील महात्मा फुले बाजारात कांदा व बटाटा घेऊन येणाऱ्या ट्रॉल्या, तसेच गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या, याच परिसरातील रस्त्यांवरून जातात. पूर्वी हे रस्ते मुख्यत्वे गावांना जोडणारे होते. आज पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्ग क्र. ६० व तळेगाव-चाकण-शिक्रापूर मार्ग हे औद्योगिक वाहतुकीचे मार्ग झाले आहेत. कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी कामगारांच्या बसगाड्या, मोटारसायकली, कंटेनरचे ट्रक आणि कांद्याची ट्रॉली ही सर्व वाहने तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात एकाच वेळी येऊन उभी राहतात. अशा ठिकाणी जोडातून सुटलेली ट्रॉली एका शेतकऱ्याचे नुकसान करून थांबत नाही. शेजारून जाणाऱ्या निरपराध माणसाचाही जीव ती घेऊ शकते.

विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, वाहनांच्या सुरक्षिततेच्या परीक्षणाचे कार्य याच जिल्ह्यात दीर्घकाळ चालत आले आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली, तर भोसरी येथील केंद्रीय रस्ते परिवहन संस्था १९६७ साली स्थापन झाली. पिंपरी-चिंचवड व चाकण येथे तयार होणारी मोटार, ब्रेकची कसोटी उतरल्यावाचून विक्रीस जात नाही. परंतु त्याच मोटारीच्या पुढे चालणाऱ्या, पाच टन माल भरलेल्या ट्रॉलीला पुष्कळदा एकही ब्रेक नसतो. ही उणीव दूर करणे बव्हंशी शेतकऱ्याच्या हाती आहे व त्यासाठी फार मोठा खर्चही येत नाही. म्हणून या विषयाची माहिती पुढे विस्ताराने दिली आहे.

ब्रेक नसलेली ट्रॉली काय करते

ट्रॅक्टरचे ब्रेक मुख्यतः ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन थांबविण्याकरिता असतात. मागील ओझे स्वतःच्या ब्रेकने थांबत नसेल, तर तेही ट्रॅक्टरच्याच दोन चाकांना थोपवावे लागते. याचा परिणाम किती होतो हे एका साध्या हिशेबावरून कळेल.

ट्रॅक्टरचे वजन २ टन व मालासह ट्रॉलीचे वजन ५ टन आहे असे समजू. वेग ताशी ३० किलोमीटर आहे. एकटा ट्रॅक्टर चांगल्या ब्रेकने सपाट रस्त्यावर सुमारे १० मीटरमध्ये थांबेल असे धरले, तर तेवढ्याच ब्रेकच्या बळावर ७ टनांचा हा सारा जोड थांबण्यास सुमारे ३५ मीटर लागतील. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो व तेवढ्या अवधीत वाहन आणखी ८ मीटर पुढे जाते. म्हणजे एकूण अंतर सुमारे ४३ मीटर होते. हाच जोड वीस मीटरला एक मीटर अशा उतारावर असेल, तर ब्रेकचे जवळजवळ निम्मे बळ उतारच खाऊन टाकतो आणि थांबण्याचे एकूण अंतर सुमारे ७६ मीटरपर्यंत वाढते. ट्रॉलीलाही चांगले ब्रेक असतील, तर त्याच उतारावर साधारण २६ मीटरमध्ये वाहन थांबू शकते. इंजिनचा रोध व टायरचे घर्षण या हिशेबात धरलेले नाही. तरी दोहोंतील फरक किती मोठा आहे हे यावरून ध्यानात येईल.

वेगाचा परिणामही असाच आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. उलट, वरील उतारावर बिनब्रेकची ट्रॉली ताशी २० किलोमीटरने उतरविली, तर ७६ मीटरचे अंतर ३६ मीटरवर येते. ज्याच्या ट्रॉलीला ब्रेक नाहीत, त्याने वेग कमी ठेवण्यावाचून दुसरा उपाय नाही.

दुसरा धोका ट्रॉली पुढे रेटण्याचा. ट्रॅक्टरने ब्रेक लावला की मागील पाच टन ओझे त्यास पुढे ढकलते. रस्ता वळणाचा किंवा ओला असेल तर ट्रॅक्टरचा मागील भाग एका बाजूस रेटला जातो, ट्रॅक्टर व ट्रॉली कात्रीसारखी मिटतात आणि ट्रॅक्टर उलटतो. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचविण्याची सवय अनेक चालकांना असते. ती सर्वथैव सोडून दिली पाहिजे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध मिळत नाही व संपूर्ण भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये चढ चढता येतो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतार उतरावा, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा.

ट्रॉली का सुटते

ट्रॉली जोडातून सुटण्याची कारणे बहुधा साधी असतात. पहिले कारण पिनचे. मूळची पिन हरवली म्हणजे तिच्या जागी बांधकामाच्या सळईचा तुकडा, जुना बोल्ट किंवा अन्य अवजाराची बारीक पिन घातली जाते. अशी पिन भोकात सैल बसते. प्रत्येक धक्क्याबरोबर ती वाकते, झिजते व अखेर तुटते. दुसरे कारण पिनच्या खालच्या टोकास अडकविण्याची क्लिप किंवा कॉटर नसणे. क्लिप नसलेली पिन खड्ड्याच्या धक्क्याने वर उडून बाहेर पडते. तिसरे कारण ट्रॉलीच्या दांडीच्या कडीची झीज, आणि चौथे कारण दांडीच्या वेल्डिंगला गेलेली चीर. चीर एकदम पडत नाही. रंगाखाली गंजाची बारीक रेषा दिसू लागते ती पुष्कळ आधीच. परंतु ती पाहावयास कोणी वाकत नाही.

माल भरण्याची पद्धतही या धोक्यात भर घालते. दोन चाकी ट्रॉलीत ओझे चाकांच्या मागे अधिक भरले, तर दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होतात व पिन सतत वर ओढली जाते. याकरिता ओझ्याचा थोडा भार दांडीवर येईल, अशा बेताने माल चाकांच्या किंचित पुढे भरावा. ट्रॉली ट्रॅक्टरच्या ठरलेल्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकला किंवा धुऱ्यापेक्षा उंच जागी ओढ दिल्यास ट्रॅक्टरचे पुढील तोंड उचलून तो मागे उलटण्याची भीती असते.

सुटलेल्या ट्रॉलीच्या वेगाची कल्पना पुष्कळांना नसते. वर सांगितलेल्या वीसास एक उतारावर उभी असलेली भरलेली ट्रॉली सुटली, तर केवळ १०० मीटर अंतरात तिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जातो. त्या वेळी ती वळविण्यास चालक नसतो व थांबविण्यास ब्रेक नसतो. रस्त्याच्या खालच्या अंगास वस्ती, शाळा किंवा चौक असेल तर होणारा अनर्थ सांगावयास नको.

सुरक्षा-साखळी

जोड तुटला तरी ट्रॉली ट्रॅक्टरपासून दूर जाऊ नये, यासाठी पहिला उपाय म्हणजे साखळी. साखळ्या दोन असाव्यात. त्या ट्रॉलीच्या दांडीच्या दोन्ही बाजूंस पक्क्या बसवून, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन ट्रॅक्टरच्या सांगाड्यास अडकवाव्यात. अशा छेद दिलेल्या साखळ्यांमुळे, पिन निघाल्यास दांडी जमिनीवर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते. दांडीचे टोक रस्त्यात रुतले तर ट्रॉली उलटण्याचा संभव असतो. तो या योजनेने टळतो.

साखळी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) मालासह ट्रॉलीचे जे एकूण वजन, त्याहून साखळीची ताकद कमी नसावी. जनावरे बांधण्याची साखळी या कामी निरुपयोगी होय.

(२) साखळीला वळण घेण्यापुरताच ढिलेपणा असावा. ती जमिनीवर घासत असेल तर कड्या झिजून ताकद जाते.

(३) साखळी ज्या पिनने ट्रॉली जोडली आहे त्याच पिनला कधीही अडकवू नये. पिन निघाली की साखळीही तिच्याबरोबर जाईल आणि साखळी लावण्याचा सारा हेतूच विफल होईल.

(४) साखळीच्या टोकाचा हुक आपोआप निसटणार नाही असा, खटका असलेला असावा. तारेने बांधून काम भागवू नये.

तथापि साखळी हा अपुरा उपाय आहे. ती ट्रॉलीला दूर जाऊ देत नाही. परंतु थांबवीतही नाही. उतारावर साखळीने बांधलेली ट्रॉली ट्रॅक्टरवर मागून आदळते. भरलेली जड ट्रॉली सुरक्षित राखावयाची तर ती सुटताच तिचे स्वतःचे ब्रेक लागले पाहिजेत. या योजनेस ब्रेकअवे ब्रेक असे म्हणतात.

ब्रेकअवे ब्रेकची रचना

ही रचना समजण्यासाठी प्रथम ट्रॉलीचा साधा ब्रेक समजावून घेतला पाहिजे. ट्रॉलीला सोयीचा असा एक ब्रेक म्हणजे रेट्याने लागणारा ब्रेक. यात दांडीचा पुढील भाग मागे-पुढे सरकणारा असतो. ट्रॅक्टर थांबू लागला की ट्रॉली पुढे रेटते, सरकता भाग आत दाबला जातो, त्याला जोडलेली सळई ओढली जाते व ट्रॉलीच्या चाकांतील ब्रेक लागतात. ट्रॉलीच्या रेट्याचाच असा उपयोग होतो. यासाठी ट्रॅक्टरला पंप, नळ्या वा वीज यांची जोड द्यावी लागत नाही.

परंतु या ब्रेकमध्ये एक मर्मस्थान आहे. तो रेट्यावर चालतो, आणि ट्रॉली सुटली की रेटाच नाहीसा होतो. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज असते, नेमका त्याच क्षणी तो निकामी होतो. हीच उणीव ब्रेकअवे ब्रेक भरून काढतो. ट्रॉलीच्या हँडब्रेकच्या दांड्याला एक पोलादी दोर बांधून त्याचे दुसरे टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला अडकविलेले असते. जोड तुटून ट्रॉली मागे पडू लागली की दोर ताणला जातो, हँडब्रेक ओढला जातो आणि दातेरी खटक्यात अडकून तसाच लागून राहतो. ट्रॉली आपली आपण थांबते.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये तत्त्व तेच, साधन वेगळे. अशा ट्रॉलीला ट्रॅक्टरकडून हवेचा पुरवठा करणारी नळी असते. ही नळी तुटून दाब नाहीसा झाला की ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. विजेच्या ब्रेकमध्ये ट्रॉलीवर स्वतंत्र बॅटरी असते; दोर ओढला जाऊन खटक्याची पिन निघताच बॅटरीतून वीज जाऊन ब्रेक लागतात. ही तिसरी पद्धत परदेशांतील मोटारींमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरवर विशेष आढळते. अमेरिकेच्या संघराज्य नियमांप्रमाणे, व्यापारी वाहतुकीतील ब्रेक असलेल्या ट्रेलरवरील असा ब्रेक सुटल्यानंतर किमान १५ मिनिटे लागलेला राहिला पाहिजे. ब्रिटनमध्ये ७५० किलोग्रॅमपेक्षा अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे आवश्यक आहे. आपल्याकडील कांद्याची भरलेली ट्रॉली या मर्यादेच्या कित्येक पट जड असते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दोर बसविताना घ्यावयाची काळजी अशी : दोर ट्रॅक्टरच्या पक्क्या भागास स्वतंत्रपणे अडकवावा, जोडाच्या पिनला किंवा साखळीला नव्हे. पूर्ण वळण घेतानाही तो ताणला जाणार नाही इतका लांब, पण जमिनीवर लोंबणार नाही इतका आखूड असावा. फार आखूड दोराने वळणावर ब्रेक लागून ड्रम तापतात. फार लांब दोराने ब्रेक उशिरा लागतो. दोराच्या तारा उसवू लागल्या किंवा गंजल्या की तो बदलावा. रेट्याच्या ब्रेकची ट्रॉली मागे घेताना ब्रेक लागू नये म्हणून असलेली अडकण, काम होताच काढून घेण्यास विसरू नये. कारण अडकण तशीच राहिल्यास पुढे जाताना ब्रेक लागणार नाही.

नवीन ट्रॉली घेताना किंवा जुनी दुरुस्त करविताना ब्रेकची ही रचना मागून घ्यावी. ट्रॉलीच्या धुऱ्यास ब्रेकड्रमच नसेल तर नुसता दोर बांधून काहीही साधत नाही. ब्रेकचा धुरा बसविण्याचे काम गावच्या वेल्डिंगच्या दुकानात अंदाजाने न करविता, ट्रॉली तयार करणाऱ्या माहितगार कारखानदाराकडून करून घ्यावे.

ब्रेकची पारख

ब्रेक आहे एवढ्यावर समाधान न मानता तो लागतो की नाही हे पाहिले पाहिजे. सपाट अंगणात रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून तिचा हँडब्रेक लावावा व खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर हळू पुढे घ्यावा. ट्रॉलीची चाके न फिरता घासत आली पाहिजेत. दोन्ही बाजूंची चाके सारखी अडत नसतील तर ब्रेक जुळवून घ्यावेत. कारण एकाच बाजूस लागणारा ब्रेक ट्रॉलीला आडवी फिरवितो. त्यानंतर चाकांखाली लाकडी ठोकळे लावून, जोड सोडून, ब्रेकअवेचा दोर हाताने ओढून पाहावा. दांडा खटक्यात बसला व सोडल्यावर तसाच राहिला, तर रचना ठीक आहे असे समजावे. ही पारख हंगामाच्या आरंभी व पुढे दर महिन्यास एकदा करावी. उसाच्या वाहतुकीत ट्रॉली दररोज चालत असल्यास दर आठवड्यास करावी.

ट्रॅक्टरचीही एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक निराळे दिलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पॅडल खटक्याने एकत्र जोडलेच पाहिजेत. तसे न केल्यास घाईत एकाच पॅडलवर पाय पडतो, ट्रॅक्टर एका बाजूस फिरतो व मागील ओझे त्यास उलथवून टाकते.

रात्रीची वाहतूक

रात्री किंवा धुक्यात ट्रॉलीस होणारा धोका बहुधा मागून येतो. महामार्गावरील वाहन ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगाने येत असते. ताशी २० किलोमीटरने जाणारी अंधारी ट्रॉली त्याच्या चालकास अगदी जवळ आल्यावर दिसते. म्हणून मागील बाजूस लाल, पुढील बाजूस पांढरे व दोन्ही अंगांस पिवळे परावर्तक लावावेत आणि ते दर फेरीपूर्वी पुसावेत. चिखलाने माखलेला परावर्तक नसल्यासारखाच होय. उसाचे वाढे मागे लोंबून दिवे झाकत असतील, तर दिवे व परावर्तक उसाच्या शेवटाशी येतील असे बांधावेत. ट्रॉलीच्या मागील दिव्यांची तार ट्रॅक्टरला जोडलेली असावी, म्हणजे ब्रेक लावल्याची खूण मागच्या वाहनास मिळेल.

रस्त्यात ट्रॉली नादुरुस्त झाल्यास ती शक्य तेवढी कडेला घ्यावी, चाकांना ठोकळे लावावेत व मागे ५० मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवावा. ट्रॉलीभोवती मांडलेले दगड काम झाल्यावर रस्त्यातच टाकून जाण्याची रीत घातक आहे. रात्री मोटारसायकलीवरून घरी परतणाऱ्या कामगारास तो दगड दिसत नाही.

जोड तुटल्यास काय करावे

साखळीच्या आधाराने ट्रॉली मागे येत असेल तर चालकाने एकदम ब्रेक दाबू नये. तसे केल्यास ट्रॉली ट्रॅक्टरवर आदळेल. ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करून, सरळ रेषेत राहून, रस्त्याच्या कडेस बेताने थांबावे. थांबल्यावर प्रथम ट्रॉलीच्या चाकांना ठोकळे लावावेत, मगच जोडाकडे जावे. कोणीही ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्ये उभे राहू नये. चालती ट्रॉली हाताने किंवा चाकाखाली दगड टाकून थोपविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे प्राण पणास लावणे होय.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे ट्रॅक्टर व ट्रेलर यांच्या व्याख्या स्वतंत्र आहेत. ट्रॅक्टर हे स्वतः माल वाहण्यासाठी केलेले वाहन नव्हे, तर ट्रेलर हे मोटार वाहनाने ओढावयाचे वाहन होय. म्हणून केवळ ट्रॅक्टरची नोंदणी असून भागत नाही; ट्रॉलीचीही नोंदणी व विमा हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर माल भरल्यास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ट्रॉलीतून माणसे नेऊ नयेत. मजूर, लग्नाचे वऱ्हाड किंवा यात्रेकरू ट्रॉलीत बसविणे हे नियमाविरुद्ध तर आहेच, पण अपघात झाल्यास एकाच वेळी अनेक कुटुंबे उद्ध्वस्त होतात.

दर फेरीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

(१) पिन योग्य मापाची असून खाली क्लिप आहे.
(२) दांडी, कडी व वेल्डिंग यांस चीर नाही.
(३) दोन्ही साखळ्या छेद देऊन स्वतंत्रपणे अडकविल्या आहेत.
(४) ब्रेकअवेचा दोर ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जोडला आहे व हँडब्रेक सोडलेला आहे.
(५) ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक-पॅडल एकत्र जोडले आहेत.
(६) टायरमधील हवा व चाकांचे नट ठीक आहेत.
(७) दिवे लागतात व परावर्तक स्वच्छ आहेत.
(८) माल मर्यादेत, समतोल व घट्ट बांधलेला आहे.
(९) दोन लाकडी ठोकळे व त्रिकोण ट्रॉलीत आहेत.

ही सारी पाहणी करण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. बैलगाडीच्या काळात घाट उतरण्यापूर्वी गाडीवान खाली उतरून चाक, जू व दोर पाहून घेत असे. बैल गेले व ट्रॅक्टर आला. ओझे अनेक पटींनी वाढले आणि रस्त्यावरील गर्दीही वाढली. तेव्हा ती जुनी सवय आज अधिकच जोपासली पाहिजे. मालकाने ट्रॅक्टर भाड्याच्या चालकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी ही यादी त्यास समजावून सांगावी व ती ट्रॅक्टरवर चिकटवून ठेवावी. गावातील ट्रॅक्टरमालकांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून सर्व ट्रॉल्यांची एकत्र तपासणी करविल्यास हे काम अधिक सुलभ होईल. याविषयी अधिक माहिती तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावी.